डार्विनची वही

चार्ल्स डार्विन म्हटला की माकड आणि माणूस एवढेच पुष्कळांना आठवते. गाणे शिकवणाऱ्या माणसाने त्याच्या वाटेला का जावे, असेही कोणी विचारील. पण सुरांची जाण नसलेल्या या मनुष्याने आपल्या मनाला जी शिस्त लावली, ती आमच्या विद्येलाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूजबरी गावी एका नामांकित डॉक्टरच्या घरी त्याचा जन्म झाला. वडिलांनी त्याला वैद्यकी शिकण्यास एडिंबरोला धाडले. ती दोन वर्षांत सुटली. मग पाद्री व्हावा म्हणून केंब्रिजला ठेवले, तर तेथे तो पुस्तकांपेक्षा भुंगेरे गोळा करण्यातच अधिक रमला. संगीताची ओढ मात्र विलक्षण! किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील गायन ऐकताना त्याच्या अंगावर काटा उभा राही. कधी कधी तेथल्या गाणाऱ्या मुलांना पैसे देऊन तो आपल्या खोलीवरही गावयास लावी. आणि गंमत अशी, की ओळखीचीच चाल मित्रांनी जरा द्रुत किंवा विलंबित वाजवली, की ती कोणती हे त्याला ओळखता येत नसे.

डिसेंबर १८३१ मध्ये तो ‘बीगल’ जहाजावर चढला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. १८३८ साली माल्थसचा लोकसंख्येवरील ग्रंथ वाचताना त्याला आपल्या सिद्धांताचे सूत्र गवसले. परंतु ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ छापून आला तो १८५९ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळातील आठ वर्षे तर त्याने खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकल नावाच्या जलचरांच्या अभ्यासात घालवली.

आपली बुद्धी चपळ नाही आणि स्मरणशक्तीही धूसर आहे, असे तो स्वतःच मानी. मनाची एक खोड मात्र त्याने अचूक हेरली होती. आपल्या मताला पोषक गोष्ट मनात टिकते; विरुद्ध जाणारी गोष्ट चटकन निसटते. म्हणून त्याने एक नेम केला. आपल्या निष्कर्षाविरुद्ध काही वाचनात, पाहण्यात किंवा नुसते विचारात आले, की ते तत्क्षणी लिहून ठेवायचे. हा नेम त्याने अनेक वर्षे पाळला. त्यामुळे ग्रंथावर जे आक्षेप आले, त्यांतील बहुतेकांचा त्याने आधीच विचार केलेला होता. सिद्धांतातील अडचणींसाठी तर त्याने ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरणच दिले.

ही खोड पुढे प्रयोगानेही दिसून आली. १९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने दोन, चार, सहा असे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखण्यास सांगितले. नियम एवढाच, की आकडे चढते असावेत. परंतु पुष्कळांनी आपल्या तर्काला जुळणारेच आकडे पुन्हा पुन्हा पुढे केले. तर्क मोडेल असा आकडा घालून पाहण्याचे फारसे कोणाला सुचले नाही.

आमच्याकडे निराळे काय घडते? शिष्याला साधलेली तान आठवते, उतरलेला निषाद आठवत नाही. तो खोटे बोलत नाही. मनानेच ते पुसून टाकलेले असते. माझे वडील दरबारी गवई. मैफल आटोपली की वाहवा करणाऱ्यांना सोडून ते गप्प बसलेल्या श्रोत्याजवळ आधी जात. मी विद्यार्थ्यांना वही घालून दिली आहे. तिच्यात रोज काय चुकले तेवढेच लिहायचे, आणि तेही तानपुरा खाली ठेवण्यापूर्वी.

परंतु डार्विनच्या चरित्राला दुसरीही बाजू आहे. डाउन गावच्या घरी पत्नी एमा पियानो वाजवी. १८८१ च्या गांडुळांवरील ग्रंथात त्याने नोंदवले आहे, की पियानोवर ठेवलेल्या कुंडीतील गांडुळे सूर वाजताच बिळात शिरली. नुसत्या आवाजाला बहिरी असलेली ती कंपन मात्र ओळखत होती. संगीताकडे असे बारकाईने पाहणाऱ्या त्याच मनुष्याची गाण्याची आणि काव्याची गोडी उतारवयात जवळजवळ आटली होती. आपले मन म्हणजे माहितीतून नियम दळून काढणारे यंत्र झाले, याची खंत त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. पुन्हा जगावयास मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी काव्य वाचण्याचा आणि गाणे ऐकण्याचा नेम करीन, असे त्याच्या मनाने घेतले होते. ही गोडी गमावण्यात सुख तर जातेच, पण बुद्धीलाही इजा पोहोचत असावी, अशी त्याला शंका होती. १९ एप्रिल १८८२ रोजी तो वारला.

परीक्षा जवळ आली की घरोघरी मुलांचे गाणे प्रथम बंद होते. बुद्धी वाढवण्यासाठीच ते केले जाते. पालकांनी डार्विनची ही खंत जरूर ध्यानात घ्यावी. आठवड्यातून एकदा थोडा वेळ तो मागत होता. तेवढा मुलांना देणे कोणालाही जड जाऊ नये.