लेन्स की आरसा? विल्यम हर्शेल यांनी दुर्बीण कशी निवडली?

दुर्बीण घ्यायची तर भिंगाची की आरशाची, हा प्रश्न आजही हौशी आकाश निरीक्षकांना पडतो. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांनाही तो पडला होता. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते आणि पोटापाण्यासाठी संगीत शिकवत होते.

१७३८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये जन्मलेले हर्शेल इंग्लंडमधील बाथ शहरात चर्चचे ऑर्गन वाजवत. १७७३ मध्ये त्यांनी खगोलशास्त्राचे पुस्तक घेतले, पाठोपाठ काही भिंगेही आणली.

भिंग का सोडले?

साध्या भिंगातून तारा पाहिला की भोवती रंगीत कडा दिसते. ती कमी करायची तर दुर्बीण लांबलचक करावी लागते. हर्शेल यांनी तेही केले. बहीण कॅरोलिनने पुठ्ठ्याची नळी करून दिली, तर ती वाकू लागली. मग पत्र्याची नळी आली. पण एवढे लांब धूड आकाशात हव्या त्या जागी रोखायचे कसे? रंगदोष कमी करणारी जोडभिंगे १७५८ पासून लंडनमध्ये मिळत होती, मात्र ती महाग आणि आकाराने लहान.

आरशात रंगदोष नसतो. पण मोठा तयार आरसाही परवडेना. तेव्हा हर्शेल यांनी तांबे आणि कथील वितळवून आरसे घरीच ओतायला आणि घासायला सुरुवात केली. एकदा तर ते सलग १६ तास घासत होते. हात उचलता येईना म्हणून कॅरोलिन त्यांना घास भरवत होती.

१३ मार्च १७८१ च्या रात्री घरी केलेल्या ७ फुटी दुर्बिणीतून त्यांना एक चकती दिसली. त्यांना तो धूमकेतू वाटला. तो युरेनस होता! आरशाचा व्यास होता जेमतेम सव्वासहा इंच. पुढच्या वर्षी राजाने वर्षाला २०० पौंड मानधन सुरू केले आणि संगीताची नोकरी सुटली.

मोठी दुर्बीण, मोठा व्याप

राजाच्या ४,००० पौंडांतून १७८९ मध्ये ४० फुटी दुर्बीण पूर्ण झाली. आरसा ४ फूट व्यासाचा. बघायला लोकांची रीघ लागे; निरीक्षणे मात्र फारशी होत नसत. इंग्लंडच्या दमट हवेत धातूचा आरसा काळवंडे, तो पुन्हा घासायचा म्हणजे टनभर ओझे उतरवायचे. फिरवायला माणसे लागत ती वेगळीच. वय वाढत गेले तसे हे झेपेनासे झाले.

खरे काम केले ते २० फुटी दुर्बिणीने. तिचा आरसा १८.७ इंचांचा, म्हणजे व्यासाने निम्म्याहूनही लहान. हर्शेल यांनी नोंदवलेले सुमारे २,५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ बहुतेक तिच्यातूनच सापडले. ४० फुटीतून त्यांनी शेवटचे पाहिले १८१५ मध्ये.

१८२० मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांनी मुलगा जॉन याला नवा आरसा करायला शिकवले. तोही २० फुटी दुर्बिणीसाठीच. १८२२ मध्ये हर्शेल गेले. पुढे जॉन तीच दुर्बीण जहाजाने दक्षिण आफ्रिकेला घेऊन गेले आणि वडिलांना इंग्लंडमधून कधीच न दिसलेले दक्षिणेकडचे आकाश त्यांनी तिच्यातून नोंदवले.