घोडीचं नाव लागतं, बाईचं?

आमच्या आबांना घोड्यांचं भारी वेड. मार्गशीर्ष महिना आला, की त्यांना माळेगावच्या खंडोबाची जत्रा दिसायला लागायची. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही जत्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. मी लहानपणी दोनदा त्यांच्यासोबत गेले होते. आबा घोड्याचे दात बघायचे, भोवरे बघायचे, चार पावलं चालवून बघायचे. आणि शिंगरू घ्यायचं असलं, तर विकणाऱ्याला हमखास विचारायचे, की याची आई कोणती? ती घोडी दाखवल्याशिवाय सौदा पुढे सरकत नसे. आमच्याकडं देवणी गाय घेतानाही हीच रीत. खाण तशी माती म्हणतात, ते उगीच नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मागच्या वर्षी पुतण्याच्या दाखल्यासाठी काढलेली वंशावळ. पाच पिढ्यांची नावं कागदावर आली. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, सगळे आले. बाई मात्र एकही नाही! आबांच्या आईचं नाव काय, हे घरात कुणालाच सांगता येईना. आणि त्याच आबांना आपल्या घोडीची आई आणि आजी दोन्ही तोंडपाठ होत्या!

त्या रात्री मला बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड आठवले. मराठी माणसांमध्ये शर्यतीच्या घोड्यांचा एवढा मोठा षोकीन दुसरा झाला नसेल. त्यांची गोष्ट घोड्यांची म्हणून सांगतात, पण मला ती बायकांचीही वाटते.

त्यांचे आजोबा म्हणजे सयाजीराव महाराज तिसरे. मूळचे नाशिककडच्या कवळाणे गावातले शेतकऱ्याचे पोर. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. म्हणजे बघा, बडोद्याला एवढा मोठा राजा मिळाला, तो एका विधवा राणीने घेतलेल्या दत्तकामुळे. प्रतापसिंहराव १९०८ साली जन्मले आणि त्याच वर्षी त्यांचे वडील युवराज फत्तेसिंहराव वारले. नातू आजोबांच्या छायेत वाढला. १९२९ मध्ये त्यांचं लग्न कोल्हापूरकडच्या हसूरच्या घोरपडे घराण्यातल्या शांतादेवींशी झालं. त्यांना आठ मुलं झाली. १९३९ मध्ये आजोबा गेले आणि प्रतापसिंहराव गादीवर आले. देशातल्या सर्वांत श्रीमंत संस्थानांपैकी एक हातात आलं.

घोड्यांचा नाद त्यांना होताच. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने. ही महाराजांची घोडी, आणि तिच्यावर स्वार होता ऑस्ट्रेलियाचा जॉकी एडगर ब्रिट. पहिल्या डर्बीचा मान एका घोडीने मिळवला, हे मला भारी आवडतं.

त्याच वर्षी मद्रासच्या रेसकोर्सवर त्यांना सीतादेवी भेटल्या. पिठापुरमच्या राजाची ही मुलगी दिसायला अतिशय देखणी, पण एका जमीनदाराची बायको आणि एका मुलाची आई. तेव्हा हिंदू बाईला घटस्फोट जवळजवळ अशक्य होता. मग सीतादेवींनी धर्म बदलला, त्या आधारावर पहिलं लग्न मोडलं, पुन्हा हिंदू होऊन महाराजांशी लग्न केलं. बडोदा संस्थानात एक बायको असताना दुसरी करायला कायद्याने बंदी होती. पण तो कायदा राजाला लागू नाही, असा अर्थ लावला गेला. इंग्रज सरकार नाराज झालं, प्रजेत कुजबुज झाली. शांतादेवींना काय वाटलं असेल? त्याची नोंद कुठे ठेवणार? आठ लेकरांची आई राजवाड्यातच राहिली, एवढं खरं.

महायुद्ध संपलं आणि महाराजांनी इंग्लंडकडे मोर्चा वळवला. १९४५ मध्ये त्यांनी एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनी मोजून विकत घेतलं. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. वर्षाच्या शिंगराला एवढी किंमत तिथं तोवर कुणी दिली नव्हती. एवढी किंमत का, तर त्याचा सख्खा भाऊ ‘दान्ते’ त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. दोघांचा बाप ‘निअर्को’ आणि आई ‘रोझी लेजंड’. महाराजांनी शिंगराला आजोबांचं नाव दिलं, ‘सयाजीराव’! न्यूमार्केट इथं वॉरन प्लेस नावाचे तबेले घेतले, सॅम आर्मस्ट्राँग यांना ट्रेनर नेमलं.

१९४७ मध्ये सयाजीराव इंग्लंडच्या डर्बीत तिसरा आला, पण आयरिश डर्बी त्याने जिंकली. मग सप्टेंबरात डॉनकास्टरची सेंट लेजर. जवळपास तीन किलोमीटरची ही शर्यत त्याने अगदी डोक्याच्या फरकाने मारली. वर पुन्हा एडगर ब्रिटच. देश स्वतंत्र होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आपलं नांदेड-लातूर तर अजून निजामाच्या राज्यात होतं. पुढच्या वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज जिंकली.

पण महाराजांचं स्वतःचं नशीब फिरलं. १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. खर्चाचा हिशेब मागितला गेला, खजिन्यातलं जडजवाहीर परदेशी गेल्याचे आरोप झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि शांतादेवींचे चिरंजीव फत्तेसिंहराव महाराज झाले. सीतादेवी मोनॅकोला राहिल्या. १९५६ मध्ये त्यांचाही घटस्फोट झाला. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनला वारले. सीतादेवींचा महाराजांपासून झालेला मुलगा १९८५ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेला आणि १९८९ मध्ये पॅरिसला त्याही गेल्या. शांतादेवी मात्र २००२ पर्यंत होत्या.

घोड्यांचा वंश मात्र फळला. ‘सयाजीराव’ची मुलगी ‘ग्लॅडनेस’ने १९५८ मध्ये अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला. दुसरी मुलगी ‘लिंक्रिस’ने १९६० मध्ये आयरिश ओक्स जिंकली. मुलगा ‘इंडियाना’ने १९६४ मध्ये बापाचीच सेंट लेजर मारली. ‘माय बाबू’ पुढे अमेरिकेत गेला. त्याच्या मुलीचं नाव ठेवलं होतं ‘केरला’. तिच्या पोटी ‘दमास्कस’ जन्मला आणि १९६७ मध्ये अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला.

हे सगळं आज इतकं बारकाईने सांगता येतं, कारण घोड्यांची वंशावळ लिहून ठेवलेली असते. थरोब्रेड घोड्यांचे मूळ पुरुष पूर्वेकडून इंग्लंडला आणलेले तीन घोडे मानतात. त्यांची नावं जगाला ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीच्या कितीतरी घोड्या मात्र नुसत्या अमक्याची घोडी म्हणून राहून गेल्या. अगदी आपल्यासारखंच! पण अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वंशनोंदीचं पुस्तक निघालं, तेव्हा त्यात घोडीचं नाव वर आणि तिची शिंगरं तिच्या खाली, अशी मांडणी झाली. बाप कोण, हेही लिहितात, पण खातं आईच्या नावाचं. कारण साधं आहे. जातिवंत घोडा वर्षाला कितीतरी शिंगरांचा बाप होतो, घोडीला अकरा महिने पोटात वागवून एकच होतं. शिवाय कुणाच्या पोटी कोण जन्मलं, याची साक्ष आईच देते.

प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या आठवणीसाठी घोड्याला नाव दिलं, तसं १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठही उभं केलं. माझ्या मते त्यांचं हेच काम सर्वांत टिकाऊ. आणि गंमत बघा, पुढे त्या विद्यापीठाची कुलपती झाली त्यांची आणि शांतादेवींची लेक मृणालिनीदेवी. पणजोबांच्या नावाचं विद्यापीठ तिने अनेक वर्षं सांभाळलं.

आता महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, अशी पद्धत आली आहे. चला, उशिरा का होईना! पण मागच्या बायकांचं काय? ते काम सरकार नाही करणार, मैत्रिणींनो, ते आपलंच. मी गावाकडच्या थोरल्या आत्याला फोन लावला. वय नव्वदीच्या पुढं, पण स्मरण लख्ख. आबांच्या आईचं नाव तिने पटकन सांगितलं, वर तिच्या माहेरचं गावही सांगितलं. आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

दाखल्याच्या कागदावर ते नाव चालणार नव्हतं. म्हणून घरच्या वहीत मी वेगळी वंशावळ लिहायला घेतली आहे, सगळ्या बायकांची. तुमच्या घरात अशी एखादी आत्या, मावशी असेल, तर तिला आजच विचारा. उद्यावर टाकू नका.