नामदार गोखले आणि गरिबाची शाळा

आपले आजे-पणजे ज्या कोकणातून मॉरिशसला आले, त्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला.

वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. शिक्षणाला पैसा लागतो आणि तो कुणाला तरी सोसावा लागतो, हे गोपाळराव लहानपणीच शिकले.

१८८४ साली ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता ते पुण्यात शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात १९०२ पर्यंत शिकवीत राहिले.

नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी सरकारच्या अंदाजपत्रकाची चिरफाड केली. सैन्यावर अफाट खर्च आणि शाळांसाठी मात्र हात आखडता, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिका व जिल्हा बोर्डांना द्यावा, दरमहा १० रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, आणि खर्चाचे दोन वाटे सरकारने व एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यांची योजना होती. सरकारने पैशाची अडचण पुढे केली. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी बिल पडले.

त्याच महिन्यात शर्तबंद मजुरांची भरती बंद करावी, हा त्यांचा ठरावही फेटाळला गेला. आपल्या पूर्वजांनी भोगलेल्या त्या पद्धतीविरुद्ध ते तेथे उभे राहिले, हे आपण विसरू नये.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले निवर्तले. पण त्यांचा विचार मेला नाही. १९१८ साली मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा भारतात २०१० मध्ये लागू झाला. आपल्या मॉरिशसमध्येही १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले.

आज आपली मुले फी न भरता शाळेत जातात. त्यामागे कुणाकुणाचे कष्ट आहेत, हे त्यांना घरी अवश्य सांगावे.