न्यायाधीश कोणी नेमावेत? बाबासाहेबांचे उत्तर

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा आहे. तारखेसाठी धावतपळत येणारे पक्षकार आणि काळा कोट सावरत निघालेले वकील रोज त्याच्या बाजूने जातात. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना कोण ओळखत नाही? मात्र ठाण्याच्या न्यायालयाशी त्यांचे नाव एका वेगळ्याच नात्याने जोडलेले आहे, हे फार थोड्यांच्या स्मरणात असते. ते नाते वकिलाचे नव्हते, प्रतिवादीचे होते. पुढे देशाचे न्यायाधीश कोणी निवडावेत हा प्रश्न घटना समितीपुढे आला, तेव्हा उत्तर देण्यास उभ्या राहिलेल्या या गृहस्थांनी न्यायालय दोन्ही बाजूंनी पाहिले होते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील उच्च शिक्षण आणि ग्रेज इनमधून मिळवलेली बॅरिस्टरची सनद घेऊन 1923 मध्ये ते मुंबईत वकिली करू लागले. विद्वत्तेत कमतरता नव्हती. पण अस्पृश्य वकिलाकडे खटला घेऊन येणार कोण? हाती येतील ती कामे त्यांनी केली. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरावरून खटला भरला गेला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. त्यात यश आले नाही. कायदा पुस्तकात एक असतो आणि न्यायासनावरील माणसाच्या संस्कारांतून उतरताना त्याचे रूप बदलू शकते, हे जाणण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला असे वारंवार आले.

त्यांपैकी सर्वांत मोठा प्रसंग महाडचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा गावात हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. पण त्याआधीच काही सवर्णांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेसाठी माणसे जमली होती, उत्साह शिगेला पोहोचला होता. तरीही न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही, असा निर्णय बाबासाहेबांनी घेतला आणि तो जमावाच्या गळी उतरवला. 1928 च्या फेब्रुवारीत हा मनाई हुकूम उठला, पण मूळ दावा चालूच राहिला.

जून 1931 मध्ये महाडच्या न्यायालयाने हा दावा फेटाळला. वादींनी अपील केले आणि प्रकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आले. जानेवारी 1933 मध्ये तेथील सहायक न्यायाधीशांनीही वादींच्या विरोधात निकाल दिला. मग उच्च न्यायालय. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे काय, हा तेथील कळीचा प्रश्न होता. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठाने अशी रूढी सिद्ध होत नसल्याचे सांगून अपील फेटाळले. ओंजळभर पाण्याच्या हक्कावर शिक्कामोर्तब व्हायला दहा वर्षे लागली. महाड, ठाणे आणि मुंबई या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येक ठिकाणी न्यायासनावर कोण बसले आहे, यावर एका समाजाचे पाणी अवलंबून होते.

या अनुभवानंतर बारा वर्षांनी तोच प्रश्न साऱ्या देशासाठी सोडवण्याची वेळ त्यांच्यावर आली. फाळणीमुळे बंगालमधील त्यांचे सदस्यत्व संपुष्टात आले होते. बॅ. मुकुंदराव जयकर यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर मुंबई प्रांतातून निवडून येऊन ते घटना समितीत परतले. स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि ऑगस्ट 1947 च्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्षही.

मसुद्यातील 103 वे कलम सर्वोच्च न्यायालयासंबंधी होते. राष्ट्रपतींनी न्यायाधीश नेमावेत. त्यापूर्वी त्यांना योग्य वाटतील अशा न्यायाधीशांचा आणि सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यावा, अशी त्याची योजना होती. 24 मे 1949 रोजी या कलमावर चर्चा झाली. बी. पोकर साहेब यांना सरन्यायाधीशांचा केवळ सल्ला पुरेसा वाटत नव्हता, त्यांची संमती हवी होती. प्रा. के. टी. शहा यांच्या मते वरिष्ठ सभागृहाशी विचारविनिमय व्हायला हवा होता. नेमणुकीवर संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची मोहोर उमटावी, असेही सुचवले गेले. प्रत्येक सूचनेमागील हेतू एकच होता: सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील माणूस न्यायासनावर बसू नये.

हेतूबद्दल बाबासाहेबांचे दुमत नव्हते. न्यायसंस्था स्वतंत्र हवी आणि लायकही हवी, हे त्यांनी प्रारंभीच मान्य केले. इंग्लंडमध्ये नेमणूक सर्वस्वी कार्यकारी सत्तेच्या हाती होती, तर अमेरिकेत सिनेटची संमती लागत असे. पहिली पद्धत त्यांना येथे धोक्याची वाटली. दुसरीत राजकीय दडपणाला वाव होता, शिवाय ती वेळखाऊ होती. राहिला सरन्यायाधीशांच्या संमतीचा पर्याय. येथे त्यांनी मांडलेला युक्तिवाद वकिलापेक्षा अनुभवी माणसाचा होता. सरन्यायाधीश थोर असतील, निःपक्षपातीही असतील. पण अखेर तेही तुमच्याआमच्यासारखेच गुणदोषांचे आणि पूर्वग्रहांचे माणूस असतात. जो निर्णायक अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला द्यायला तयार नाही, तो एकट्या सरन्यायाधीशांच्या हाती देणेही तितकेच धोक्याचे ठरेल, असे त्यांनी बजावले. मसुद्यातील मधला मार्ग समितीने स्वीकारला. तेच आज घटनेचे 124 वे कलम आहे.

त्यांचा प्रत्येक अंदाज काळाच्या कसोटीला उतरला, असे म्हणता येणार नाही. निवृत्त न्यायाधीशांना सरकारी पदे देऊ नयेत, ही शहा यांची सूचना त्यांनी नाकारली. न्यायालयांपुढील बहुतेक वाद खासगी स्वरूपाचे असतात आणि त्यांत सरकारचा हितसंबंध क्वचितच असतो, हे त्यांनी दिलेले कारण. पुढे सरकारच देशातील सर्वांत मोठे पक्षकार बनले आणि ते कारण लंगडे पडले.

मधल्या मार्गाचीही पुढे ओढाताण झाली. बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. त्यानंतर 1973 मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा सल्ल्याचा अंकुश किती बोथट आहे ते दिसले. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सल्ल्याचा अर्थ असा लावला की अखेरचा शब्द न्यायाधीशांकडे गेला. न्यायवृंद म्हणजे कॉलेजियमची पद्धत त्यातूनच आली. ऑगस्ट 2014 मध्ये संसदेने न्यायिक नियुक्ती आयोगासाठी घटनादुरुस्ती संमत केली आणि ऑक्टोबर 2015 मध्ये घटनापीठाने ती चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द ठरवली. या साऱ्या वादात 1949 चे ते भाषण दोन्ही बाजूंनी आधारासाठी काढले. सरकारी पक्षाला त्यातील सरन्यायाधीशांवरचा अविश्वास दिसला, विरोधकांना कार्यकारी सत्तेवरचा.

खरे तर ते भाषण कोणा एकाच्या सोयीचे नाही. सत्ता कोणाही एकाच्या हाती निरंकुश सोपवू नये, मग तो मंत्री असो वा न्यायमूर्ती, एवढेच त्यात सांगितले आहे. ज्याच्या पाण्याचा निवाडा दहा वर्षे तीन न्यायालयांत फिरत राहिला, त्याला न्यायासनाबद्दल आंधळी भक्ती परवडणारी नव्हती आणि तिरस्कारही. महाडला मनाई हुकूम पाळणारा आणि दिल्लीत सरन्यायाधीशांना नकाराधिकार नाकारणारा माणूस एकच होता. ठाणे-कल्याणच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे तारखा मोजणाऱ्या साध्या पक्षकाराला कॉलेजियम आणि आयोग यांतील फरक कदाचित सांगता येणार नाही. पण समोरचा न्यायाधीश कोणाच्याही उपकाराखाली नसावा, ही त्याची अपेक्षा असते. बाबासाहेबांनी शोधलेला मधला मार्ग याच अपेक्षेपोटी होता.