आल्डो लिओपोल्ड : शिकाऱ्यांना राखणदार करणारा वनाधिकारी

एप्रिल १९१३. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या डोंगराळ भागात मेंढपाळांचा चराईचा तंटा मिटवून २६ वर्षांचा एक वनाधिकारी घोड्यावरून परतत होता. वाटेत पाऊस, गारा आणि बर्फाने गाठले. ओल्या अंथरुणात रात्री काढाव्या लागल्या. गुडघे सुजले, तेव्हा संधिवात समजून उपचार झाले. मग चेहरा आणि हातही सुजू लागले. खरा आजार मूत्रपिंडाचा होता, नेफ्रायटिस. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्यांना सूज आली की पाणी आणि टाकाऊ द्रव्ये शरीरातच साठू लागतात. त्या काळी पेनिसिलिन नव्हते, डायलिसिस नव्हते. विश्रांती, पथ्य आणि नशीब एवढाच इलाज होता.

हा रुग्ण म्हणजे आल्डो लिओपोल्ड. लग्नाला वर्षही झाले नव्हते आणि पत्नी एस्टेला गरोदर होती. आयोवा राज्यात, मिसिसिपीकाठच्या बर्लिंग्टन गावी, आईवडिलांच्या घरी त्याने बराच काळ अंथरुणात काढला. कामावर परतायला जवळजवळ दीड वर्ष लागले. जीव वाचला, पण घोड्यावरची रानोमाळ भटकंती तूर्त थांबली. वाट्याला आले अल्बुकर्की शहरातले टेबल आणि खुर्ची.

त्या खुर्चीत बसून त्याने जे काम उभे केले, ते वरवर पाहता उलटे वाटते. त्याने वन्यजीव वाचवायला शिकाऱ्यांना हाताशी धरले. तो स्वतः लहानपणापासून शिकारी होता. वडील कार्ल हेही शिकारी. पण पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे वसंतात, त्यांनी कायदा येण्याआधीच स्वतःहून बंदूक खाली ठेवली होती. शिकारीला मर्यादा हवी, हा धडा मुलाला घरातच मिळाला.

मर्यादा नसल्याचे परिणाम तेव्हा सगळीकडे दिसत होते. रानटर्की हे त्याचे ठळक उदाहरण. कोंबडीच्याच कुळातला हा मोठा पक्षी दिवसा जमिनीवर चरतो आणि रात्री झाडावर बसतो. जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी बेसुमार शिकार यांनी त्याला राज्याराज्यांतून हुसकावले होते. १९१५ पासून लिओपोल्डने न्यू मेक्सिको आणि अॅरिझोनातील गावोगावच्या शिकाऱ्यांच्या संघटना बांधल्या. चोरट्या शिकारीला आळा, नियमांचे पालन आणि राजकीय दबावाला न जुमानणारे वन्यजीव अधिकारी, या त्यांच्या मागण्या. त्यांच्यासाठी तो ‘पाइन कोन’ नावाचे छोटे वार्तापत्र काढी. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१७ मध्ये पत्र पाठवून या कामाची वाखाणणी केली.

या कामात एक मोठी चूकही होती. लांडगे आणि पहाडी सिंह नष्ट केले की हरणे वाढतील, असा प्रचार लिओपोल्ड आणि या संघटना मिळून करत होत्या. पुढे शिकारी प्राणी संपलेल्या जंगलांत हरणांनी रोपे ओरबाडून खाल्ली आणि हिवाळ्यात तीच उपाशी मेली. लिओपोल्डने आपले मत बदलले आणि जुनी चूक लिहून कबूल केली. विस्कॉन्सिन राज्यात हरणांची संख्या कमी करावी, असे तो १९४०च्या दशकात सांगू लागला, तेव्हा अनेक शिकारीच त्याच्यावर उलटले.

१९२८ मध्ये वनखाते सोडल्यावर त्याने मध्य-उत्तर राज्यांतील वन्यजीवांची पाहणी केली. तिचा खर्च बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्यांच्या संघटनेने उचलला होता. १९३३ मध्ये त्याचे ‘गेम मॅनेजमेंट’ हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याला या विषयाचे प्राध्यापकपद मिळाले. शिकारीवर बंदी घालणे किंवा पाळीव पक्षी रानात सोडणे पुरेसे नाही. अन्न, पाणी आणि आसरा असलेले रान राखले तर पक्षी आपोआप वाढतात, हे त्याचे सूत्र होते.

१९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. शिकार परवान्यांचे शुल्क इतरत्र वळवणार नाही, ही अट राज्यांना पाळावी लागली. तेव्हा देशभरात रानटर्की दोन लाखांच्या आसपास उरल्याचे मानले जाते. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, पण ते रानात टिकेनात. अखेर १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात दारूच्या धमाक्याने उडणारे जाळे टाकून अस्सल रानपक्षी पकडण्यात आले. असे पक्षी नव्या रानात सोडले की तिथे रुजतात, हे दिसून आले. १९७३ मध्ये रानटर्कीसाठी स्थापन झालेल्या शिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनेही या कामाला हातभार लावला. आज ही संख्या ६० लाखांच्या घरात आहे.

हे पाहायला लिओपोल्ड नव्हता. शेवटच्या वर्षांत चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य कळांनी, ट्रायजेमिनल न्यूराल्जियाने, त्याला ग्रासले होते. १९४७ मध्ये त्यावर मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया झाली. २१ एप्रिल १९४८ रोजी विस्कॉन्सिन नदीजवळच्या आपल्या शेताशेजारी लागलेला गवताचा वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६१. त्याचे प्रसिद्ध पुस्तक ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ पुढच्या वर्षी छापले गेले.

विस्कॉन्सिनमधून रानटर्की १९व्या शतकातच नाहीशी झाली होती. १९७६ मध्ये त्या राज्याने आपल्याकडचे ग्राउस पक्षी मिसुरी राज्याला दिले आणि बदल्यात रानटर्की आणल्या. लिओपोल्डने जिथे ओसाड वाळूवर हजारो पाइनची झाडे लावली, त्या राज्यात आज त्या पुन्हा सर्वत्र चरताना दिसतात.