कान्होजी आंग्रे

कान्होजी आंग्रे (इ.स. १६६९ – ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल आणि कुलाब्याच्या आंग्रे सत्तेचे संस्थापक होते. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते.

ताराबाईंच्या पक्षात असताना १७१३ मध्ये कान्होजींनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. पुढे बाळाजी विश्वनाथ यांनी वाटाघाटी करून त्यांना शाहूंच्या बाजूस वळवले. सरखेलपद कान्होजींकडेच राहिले.

अलिबागसमोरील कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे. भरतीच्या वेळी तो पाण्याने वेढला जातो, ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी हा अधिकार अमान्य करून त्यांना चाचा ठरवले; मराठी राज्याच्या दृष्टीने मात्र तो समुद्रावरील सत्तेचा हक्क होता. १७१८ मधील खांदेरीवरील इंग्रजांचा आणि १७२१ मधील कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीजांचा संयुक्त हल्ला अयशस्वी ठरला.

कान्होजींच्या पश्चात पुत्रांमधील कलहाने आंग्र्यांची सत्ता दुभंगली. कुलाबा संस्थान अखेर १८४० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात विलीन झाले. कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे.