बिनपुढाऱ्याची तुकडी : विल्फ्रेड बिऑन

मथुरा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर यमुनेचे घाट आणि श्रीकृष्णाचे बालपण उभे राहते. त्याच मथुरेत ८ सप्टेंबर १८९७ रोजी एका इंग्रज इंजिनिअरच्या घरी विल्फ्रेड बिऑन यांचा जन्म झाला. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते थोर मनोविश्लेषक म्हणून परिचित आहेत. परंतु आपल्या महाविद्यालयातील जे मित्र सैन्यात अधिकारी व्हायचे म्हणून पहाटे मैदानावर धावतात, त्यांचे या गृहस्थांशी अधिक जवळचे नाते आहे. ते नाते उलगडावे, एवढ्याचसाठी मी हा लेख लिहीत आहे.

बिऑन यांची पहिली वर्षे आयेच्या मायेत गेली. आठव्या वर्षी, साहेबांच्या रीतीप्रमाणे, त्यांची रवानगी विलायतेतील वसतिगृहात झाली. शाळा संपली तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते. ते रणगाडा दलात दाखल झाले.

रणगाडा हे तेव्हा अगदी नवे यंत्र होते. मार्क ४ जातीच्या रणगाड्यात आठ माणसे असत. इंजिन आतच, मधोमध. धूर, उकाडा आणि आवाज इतका की शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येऊ नये. हे धूड वळवणे एकट्याच्या हातचे नव्हते. पुढे चालक, त्याच्या शेजारी ब्रेक सांभाळणारा अधिकारी आणि मागे दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे गिअर बदलणारे दोघे, अशा चौघांचे हात जुळले तरच रणगाडा वळे. हुकूम तोंडी देऊन भागत नसे. ठोकून वा हाताच्या खुणेने द्यावा लागे. एकाने भीतीने हात आखडला, तर आठही जण तोफेच्या तोंडी! सांघिक शिक्षण म्हणजे काय, हे मला व्याख्या पाठ करण्यापेक्षा या रणगाड्याची रचना वाचून अधिक समजले.

नोव्हेंबर १९१७ मध्ये काँब्रेच्या लढाईत रणगाडा निकामी झाल्यावरही बिऑन मशीनगन घेऊन लढत राहिले. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना 'डी. एस. ओ.' हा मोठा सन्मान मिळाला. पण सन्मानापेक्षा एक आठवण त्यांना जन्मभर चिकटून राहिली. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँच्या लढाईत त्यांचा कोवळ्या वयाचा निरोप्या छाती फुटून त्यांच्या शेजारी मरणाच्या दारात पडला होता. माझ्या आईला पत्र लिहा, असे तो पुनःपुन्हा विनवीत होता. ते ऐकणे बिऑन यांना असह्य झाले. त्याने गप्प व्हावे असेच त्यांना वाटले. उतारवयातही ते या प्रसंगाविषयी लिहीत राहिले. दुसऱ्याची भीती पेलताना आपले मन कसे बंद होते, हा त्यांच्या पुढील अभ्यासाचा विषय झाला, त्याचे मूळ मला या खड्ड्यात दिसते.

युद्धानंतर त्यांनी ऑक्सफर्डला इतिहासाचे आणि नंतर लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते मनोरुग्णांवर उपचार करू लागले. नाटककार सॅम्युअल बेकेट हे तरुणपणी त्यांचे रुग्ण होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी अपुरे पडू लागले. तोवर निवड होई ती थोडा वेळ मुलाखत घेऊन. त्यात घराणे आणि शाळा यांचे वजन पडे. असे निवडलेले पुष्कळ जण प्रशिक्षणात नापास होत. १९४२ साली एडिंबरोला नवे निवड मंडळ सुरू झाले. तेथे बिऑन यांनी एक साधी पण विलक्षण कसोटी योजली. आठनऊ उमेदवारांना एखादे काम द्यायचे आणि नेता मात्र नेमायचा नाही! परीक्षक पाहत, ते पूल कसा बांधला हे नव्हे. प्रत्येकाला स्वतःची निवड व्हावी असे वाटत असते; काम मात्र सर्वांनी मिळूनच पार पडते. या ओढाताणीत कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोण दुसऱ्याला ढकलून पुढे होतो, हे पाहायचे.

१९४२-४३ च्या हिवाळ्यात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात त्यांनी आणखी एक प्रयोग केला. लढाईने मन खचलेले जवान तेथे होते. प्रत्येकाने कोणत्यातरी कामाच्या गटात सामील व्हावे आणि रोज दुपारी सर्वांनी अर्धा तास एकत्र जमावे, असा नियम झाला. बरेच जण कामचुकार आहेत, अशी तक्रार जवानांनी आणली, तेव्हा बिऑन यांनी शिक्षा केली नाही. हा प्रश्न तुमचाच आहे, तुम्हीच त्याचा विचार करा, असे सुचवले. हळूहळू वॉर्ड स्वच्छ झाले, माणसे उभारी धरू लागली. वरिष्ठांना मात्र ही पद्धत मानवली नाही. सहा आठवड्यांत प्रयोग गुंडाळण्यात आला.

१९४५ साली, ते युरोपात लष्करी कामावर असताना, त्यांची पत्नी प्रसूतीनंतर वारली. तान्ह्या मुलीला घेऊन त्यांनी पुन्हा संसार उभा केला. १९६१ साली त्यांचे गटांविषयीचे पुस्तक निघाले. संकटात गट काम विसरतो. मग तो कोणा तारणहाराच्या पायाशी बसतो, शत्रू शोधून लढतो वा पळतो, किंवा दोघांच्या जोडीकडून काही चमत्कार घडेल अशी आशा धरतो, असे त्यांनी दाखवले. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या महाविद्यालयाचे आवार पाहिले की मला हे तिन्ही प्रकार ओळखीचे वाटतात.

आता त्या नात्याविषयी. ब्रिटिश पद्धतीच्या धर्तीवर १९४३ साली आपल्याकडे देहरादूनला निवड मंडळ सुरू झाले. आजही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला निवड मंडळापुढे फळ्या, दोर आणि पिंपे देऊन इतरांबरोबर अडथळा ओलांडायला सांगतात. शिकवणीत पुष्कळांना सांगितले जाते की पुढे व्हा, मोठ्याने बोला. मला वाटते, बिऑन यांचे चरित्र वाचलेला विद्यार्थी आधी एवढेच पाहील, की फळीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे आणि त्याचा हात थरथरत तर नाही ना.

आठव्या वर्षी सोडलेला हिंदुस्थान बिऑन यांनी पुन्हा पाहिला नव्हता. जानेवारी १९८० मध्ये ते मुंबईला यायचे ठरले होते. ८ नोव्हेंबर १९७९ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. ती भेट राहूनच गेली. त्यांची कसोटी मात्र त्यांच्या जन्मभूमीत अजून रोज घेतली जाते.